गादी बाद हाय

आमच्या शेजारच्या वानखडे सिस्टरबाई कोणाकडेही गेल्या, की पाणी प्यायच्या आधी पलंगावर मूठ दाबून पाहतात. भाचीच्या साक्षगंधाला अमरावतीला गेल्या, तर मुलाकडच्यांच्या दिवाणावर सगळ्यांदेखत आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि उठून निकाल दिला, "पोरगा पास हाय. गादी बाद हाय."

उभा जन्म दवाखान्यात गेला त्यांचा. अकोल्यासारख्या कापसाच्या गावात राहून माणसं दगडावर झोपतात, याचा त्यांना मनापासून राग. गादीत खड्डा दिसला की पित्तच खवळतं.

बाबा न्हाणीत पडेपर्यंत आम्ही हे हसण्यावारी नेत होतो. त्यांचा खुबा मोडला. हृदय अशक्त म्हणून ऑपरेशन लांबलं आणि कूस बदलायचीही चोरी झाली. सिस्टरबाई दवाखान्यात भेटायला आल्या, त्या ना विचारपूस ना काही, सरळ बाबांच्या कमरेखाली हात सारला. बाबा लाजून चूर.

"बाई, मी पपई हाय काय दाबून पाहाले?"

"पपई असते तं कवाच बाद केलं असतं तुमाले."

मग त्यांनी मला माकडहाडाजवळचा लाल डाग दाखवला. बोटाने दाबला तरी तो पांढरा पडेना. "हाड जुळते," त्या हळूच म्हणाल्या, "पन इथं घाव पडला तं आत हाडापर्यंत जाते. मंग ऑपरेशन कशाचं करता?"

त्याच दुपारी वॉर्डच्या इन्चार्जला विचारून त्यांनी आपल्या घरची हवेची गादी ऑटोत घालून आणली. गल्लीत ज्याला लागेल त्याच्याकडे ती फिरत असते. पंप लावला की तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. "तरी बी कूस तुमीच बदलाची," असा दमही मिळाला.

हवेवर माणूस झोपवायचं काही आईच्या मनाला पटेना. तिने वरून चांगली जाड गोधडी अंथरली. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी ती पाहिली. मला वाटलं, आता आई बाद. पण त्यांनी गोधडी काढून नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिली. "वैनी, तुमची माया मधात आली, तं हवेनं काम कसं करावं? उशाशी ठेवा. घरचा वास येईन त्याइले."

मग त्या रोज यायच्या. चादरीची सुरकुती ओढायच्या, बिस्किटाचा चुरा झटकायच्या, पोटऱ्यांखाली उशी सारून टाचा अधांतरी ठेवायच्या. डाग फिका झाला, मग दिसेनासा झाला. ऑपरेशन पार पडलं. आता बाबा वॉकर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. याचं श्रेय मी डॉक्टरांइतकंच सिस्टरबाईंना देतो.

गादी परत द्यायला गेलो, तेव्हा त्यांच्या आतल्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्या चहा ठेवायला गेल्या. एव्हाना मलाही खोड लागली होती. मी पलंगावर मूठ दाबली. भिंतीकडची बाजू पार खाली गेली. कापसाची जुनी गादी, तिच्यात माणसाएवढा खड्डा. मला हसूच आलं.

"ताई, हे तं बाद हाय. पिंजाऱ्याले बोलावू काय?"

त्या कपबशा घेऊन दारातच थांबल्या. "नोको. ते मास्तरायची बाजू हाय."

मास्तर म्हणजे त्यांचे मिस्टर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सिस्टरबाईंनी कप खाली ठेवले, त्या बाजूची सुरकुती तळहाताने सारखी केली आणि पलंगाच्या अलीकडच्या काठावर, रोज झोपत असतील तेवढ्याच जागेत, बसल्या.

"पिंजली तं कापूस फुगन," त्या म्हणाल्या. "मंग ते कुठं झोपत व्हते, मले कसं समजन?"

खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. चहा मी उभ्यानेच प्यायलो.