हवा सांभाळणारे घाडीमामा

घाडीमामा कोणाच्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत. चपला काढायच्या, उंबऱ्यात उभं राहायचं, शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढून पेटवायची आणि दाराच्या फटीशी धरून धुराकडे डोळे बारीक करून बघत राहायचं. घरातल्या बायका हात जोडायच्या. कोणीतरी पोराला दटावायचं, "गप बस, देवाचं चाललंय."

मामांचं देवाचं काही चाललेलं नसायचं. धूर आत वळतोय की बाहेर, एवढंच त्यांना बघायचं असे. मग निकाल यायचा. "वहिनी, तुमच्या मोरीतली हवा सैपाकघरात शिरते. मोरीची खिडकी जरा किलकिली ठेवा." एवढं झालं की उदबत्ती विझवून परत खिशात, आणि मग चहा. त्यांच्या एकूण एक शर्टाच्या खिशाला भोकं होती ती यामुळे.

मुलुंडला औषधाच्या कंपनीत मामा आणि मी एकत्र होतो. मी पुसदकडची. शाळा सातवीत सुटली, लग्न होऊन भांडुपला आले. गावात जिला दुकानातून साखर आणायलाही कोणी एकटं धाडलं नव्हतं, तिला इथे बाटल्यांत औषधाची पावडर भरायच्या खात्यात नोकरी लागली. त्या कंपनीचं नाव निघालं की अजून माझे हात जुळतात. पण तेव्हा रोज आत शिरताना वाटायचं: आज आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि उद्यापासून येऊ नको म्हणणार.

आमच्या खात्याला खिडकी नव्हती. माडीवरच्या खोलीत एक भलामोठा पंखा होता. तो हवा ओढायचा, ती फिल्टरांतून गाळली जायची आणि पत्र्याच्या चौकोनी बोगद्यांतून आमच्या डोक्यावर उतरायची. भिंतीच्या तळाशी जाळ्या होत्या, त्यांतून ती परत वर जायची. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवलेला असे, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. हे सगळं राज्य घाडीमामांचं. मामा मालवणकडचे, आणि खुशीत आले की मालवणीत शिरायचे.

"हवा म्हणजे पहिल्या दिवाळीला आलेला जावई," ते आम्हाला बजावायचे. "त्याच्या वाटेत बसायचं नाही, त्याला उन्हातान्हात थांबवायचं नाही आणि त्याच्यासमोर पावडर उडवायची नाही."

त्यामुळे तोंडाला पावडर बंद, गजरा बंद. कमळाबाई आमच्यात वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. ती एकदा म्हणाली, "मामा, पावडर नाही, गजरा नाही, मग घरी गेल्यावर नवऱ्याने ओळखायचं कसं?"

"आवाजावरून ओळखतो तो. तू एक स्टेशन अलीकडे, नाहूरला असतानाच."

रविवारी पंखा बंद असे. सोमवारी सकाळी तो चालू करण्याआधी मामा त्याला गाऱ्हाणं घालायचे आणि ते पत्र्यातून घुमत आमच्या डोक्यावर यायचं. "बा देवा म्हाराजा, ह्या पंख्याचो पट्टो तुटाक देऊ नको रे म्हाराजा!" पाठोपाठ "व्हय म्हाराजा!" वर दुसरं कोणीच नसायचं. व्हय म्हाराजाही तेच म्हणायचे, आवाज बदलून.

घरीही हेच. ते घाटकोपरला राहायचे, सगळा शेजार गुजराती. मामांनी चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवून त्याला असा काही बाक दिला होता की बांगडे तळल्याचा वास सरळ रेल्वेच्या बाजूला निघून जाई. "शेजारच्या शहाभाभीला अजून वाटतं आम्ही माळकरी आहोत," ते अभिमानाने सांगायचे.

एका गोष्टीचं मात्र आम्हाला नवल वाटायचं. मामांना आमच्यातलं सगळं माहीत असे. कोणाची सासू रुसली, कोणाच्या जावेने वेगळी चूल मांडली, सगळं. येता-जाता ते सल्लाही देऊन जायचे. मला तर धास्ती बसली होती, या माणसाला काहीतरी विद्या येते.

एकदा फार गारठलो म्हणून माझी मैत्रीण सुशी हवा कमी करायला सांगायला वर गेली, ती डोळे मोठे करून खाली आली. "अगं, वर सगळं ऐकू येतं! तू आत्ता कमळाबाईला नवऱ्याच्या घोरण्याचं सांगत होतीस ना? जाळीतून वर, शब्दन्‌शब्द! मामा तिथे रेडिओ लावल्यासारखे ऐकत डबा खातायत."

बाप्पा! आम्ही तोंडं शिवली. खात्यात नुसता बाटल्यांचा खणखणाट. शेवटी मामाच दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "काय गे, भांडलात काय? वर अजिबात करमत नाही."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. त्या दिवसापासून जाळी म्हणजे आमचा टेलिफोन झाला.

त्याच वर्षी थंडीत मला सातवा महिना लागला. माय येणार होती, पण ऐन कापूस वेचायचे दिवस आणि त्यात बाप पाय मोडून पडलेला. येणं जमत नाही असा निरोप आला. टेबल पुसता पुसता मी सुशीला म्हटलं, "माहेरचं माणूस नाही तर कसलं डोहाळजेवण? राहू दे." जाळीचं तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा हात मागे बांधून हजर. "रविवारी माझ्या घरी यायचं. डोहाळजेवण आहे तुझं. ह्या सगळ्यांना घेऊन ये. आमच्या हिला हौस आहे. आणि गजरे घातले तर चालतील. घरी फिल्टर नाही."

मला रडूच फुटलं. या एवढ्या मुंबईत कोणीतरी आपल्यासाठी हिरवी साडी काढून ठेवतंय!

मामा गेले आणि कमळाबाई माझ्याजवळ सरकली. आवाज तिने खाली आणला होता, पण बसली होती जाळीला टेकून. "जेवायला जाऊ गं. पण मामी लेकुरवाळी नाही. पहिलटकरणीची ओटी तिने भरायची? तुझ्या भल्यासाठी सांगते. ओटी मी भरेन."

कमळाबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या गावात असंच चालत आलेलं. आणि भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पोटातल्यासाठी बाई सावलीलाही घाबरते. मी काही बोलणार तेवढ्यात सुपरवायझर आला आणि आम्ही पांगलो.

सुटायच्या आधी मामा पुन्हा दारात आले. या वेळी मालवणी नव्हती, जावई नव्हता. "कमळाबाई, रविवारी ओटी तुम्ही भरा. आमची ही आत सैपाकघरात थांबेल. तिला सवय आहे."

एवढंच बोलून ते जिना चढून गेले. कमळाबाईने खाली जाळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

सवय आहे. म्हणजे आजवर कितीतरी घरी मामी ताटं वाढायला असेल आणि ओटी भरायच्या वेळी आपणच उठून आत जात असेल. हे मनात आलं आणि माझी भीती कुठे गेली ती गेलीच. पोट सावरत मी जमिनीवर बसले आणि जाळीला तोंड लावून ओरडले.

"मामा, ऐकताय ना? ओटी मामीच भरणार! माझी माय इथे नाही, तर मायच्या जागी कोण ते मी ठरवणार. मामी आत बसणार असेल तर मी येतच नाही!"

कमळाबाईने माझ्याकडे रोखून बघितलं. मग तीही गुडघ्यावर हात टेकत कशीबशी खाली वाकली आणि जाळीत तोंड घालून ओरडली, "आणि सैपाक मी बघणार! तिखट जास्त झालं तर बोलायचं नाही!"

वरून नुसती पंख्याची घरघर. बऱ्याच वेळाने कोणीतरी असं काही जोरात नाक शिंकरलं की सुशी दचकून म्हणाली, "पट्टा तुटला वाटतं."

रविवारी मामींना पहिल्यांदा पाहिलं. चिमणीएवढी बाई, इस्त्रीची घडी न मोडलेलं लुगडं. दर पावलाला कमळाबाईला विचारत होती, "खण आधी की नारळ आधी?" कमळाबाईही, जिने आयुष्यात कोणाला हळू आवाजात उत्तर दिलं नव्हतं, कानाशी लागून सांगत होती. मामींनी माझ्या पदरात तांदळाची ओंजळ घातली. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांचं काम नाही म्हणून मामांना गॅलरीत पिटाळलं होतं. तिथे त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या.

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावीकडची उघडली. आत पेढाही होता आणि बर्फीही. सुशीने झटकन दुसरी उघडली. तिच्यातही दोन्ही.

"अहो मामी, असं नसतं!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मामी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "चुकलं काय गो? मला वाटलं, एकच कशाला ठेवायचं? जे येईल ते येऊ दे की."

कमळाबाईने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात गॅलरीतून मामांची हाक आली. त्यांना राहवत नव्हतं. "अगो, काय निघालां?"

मामींनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि शहाभाभीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "आपलां! दुसरां काय निघतलां?"