भागूबाईंच्या समस्येचे जतन

समस्या दिसली की सोडवायला धावणे ही अडाण्यांची घाई आहे. सुशिक्षित माणूस आधी समस्येशी नाते जोडतो. चिकलठाण्याच्या पलीकडे असलेल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे गेल्या एप्रिलमध्ये कळले. आमचे प्राध्यापक अनंतराव पुण्याहून दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले, तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ झाले आणि चौथ्या दिवशी 'डिझाइन थिंकिंग'ची (म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून घेऊन उपाय घडवण्याची) प्रात्यक्षिक कार्यशाळा जाहीर झाली. अहवाल लिहायचे काम माझ्याकडे आले (मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे मोकळाच असतो).

अशा कार्यशाळेला खरी समस्या असलेला खरा माणूस लागतो. फार शोधावे लागले नाही. झाडझूड करणाऱ्या भागूबाई वऱ्हांड्यातच होत्या. महिला कर्मचाऱ्यांच्या शौचालयाला आतून कडी नाही, ही त्यांची समस्या आठ महिने जुनी, म्हणजे चांगली मुरलेली होती.

"एका पायानं दार दाबून बसावं लागतंय, सर," भागूबाई म्हणाल्या. "माझ्या जोडीची आशाबाई सुट्टीवर असली की बाहेर थांबायला बी कुणी नाय. लई लाज वाटती."

आठ गटांतल्या बत्तीस विद्यार्थ्यांनी हे टिपून घेतले. पहिला टप्पा समानुभूतीचा होता (साडेदहा ते एक, चहासह). आठही गटांनी एकच प्रश्न विचारल्यामुळे भागूबाईंनी आपली लाज आठ वेळा सांगितली. एका गटाने आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा सांगायला लावली. चारशे अठरा रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटल्या. संध्याकाळी त्या गळून पडल्या, तेव्हा भागूबाईंनीच झाडून नेल्या.

मध्येच एक अनुचित प्रकार घडला. कॉलेजचा सुतार सांडू बाके हलवायला आला होता. तो म्हणाला, "कडी माझ्या पिशवीतच हाय की, सर. पाच मिन्टाचं काम."

अनंतरावांनी त्याला सर्वांसमोर उभे केले. थेट उत्तरावर उडी मारणारे मन कसे असते, हे विद्यार्थ्यांना जिवंत उदाहरणासह पाहता आले. सांडूसाठी टाळ्याही झाल्या.

दुसऱ्या दिवशी नमुने तयार झाले. पहिले बक्षीस मोबाइल ॲपला मिळाले: आत जाताना बटण दाबायचे, म्हणजे परिसरातील सर्वांना 'आत कोणीतरी आहे' असा संदेश जातो. (भागूबाईंकडे साधा फोन आहे. त्यावर परीक्षकांचे मत पडले की वापरणाऱ्यानेही थोडे बदलायला हवे.) दुसरे बक्षीस थर्माकोलच्या दाराला. त्याला मात्र आतून कडी होती, स्केचपेनने काढलेली.

त्याच आठवड्यात सांडूने कुणालाही न विचारता खरी कडी बसवली. चार दिवस भागूबाई दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसल्या. पाचव्या दिवशी बोभाटा झाला, कारण पुढची तुकडी चौदा तारखेला येणार होती आणि समस्याच गायब! नवीन समस्या शोधायची तर मंजुरीला तीन महिने जातात. परिपत्रक निघाले: "चालू अभ्यासक्रमातील समस्या पूर्वपरवानगीशिवाय सोडवण्यात येऊ नयेत." सांडूकडून खुलासा मागितला गेला आणि कडी त्याच्याच हातून काढवून घेतली. ती सध्या नवोन्मेष कक्षात काचेच्या पेटीत आहे.

"घरी जाईस्तोवर पाणीच पीत नाय आता," भागूबाई मला ग्रंथालय झाडताना म्हणाल्या. मे महिना होता. मला लाज वाटली आणि मी खाली मान घालून पुस्तकांवर शिक्के मारत राहिलो.

अनंतरावांना मात्र हे कळताच हर्ष झाला. त्यांच्या सांगण्यावरून मी अहवालात लिहिले: "वापरकर्तीने स्वतःच शून्य खर्चाचा उपाय शोधला." हा परिच्छेद वाचून राज्यस्तरीय समितीने महाविद्यालयाला ढाल दिली. आजवर सहा तुकड्या झाल्या आहेत आणि भागूबाईंची समस्या उत्तम स्थितीत आहे.

आमच्या कॉलेजचे हे वाचून आपण हळहळला असाल, दोन शिव्याही घातल्या असतील. त्या योग्यच आहेत. आपल्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत आणि दोन्हींना आतून कडी आहे, हे मी गृहीत धरतो. आपल्याकडे रोज धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना त्यातले कोणते वापरायची मुभा आहे?