भिंतीवरील काळ्या वाढीचे कूळ निश्चित करण्याबाबत

कोणत्याही संकटाला तोंड देण्याआधी त्याचं कूळ ठाऊक असावं लागतं, नाहीतर त्याची फाइल कोणत्या कपाटात ठेवायची हेच कळत नाही. आमच्या कर्मचारी वसाहतीचा देखभाल विभाग हे तत्त्व प्राणपणाने जपतो. (प्राण बहुधा रहिवाशांचे असतात.) या विभागात मी एकवीस वर्षं मुख्य लिपिक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या घरात शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई राहतात. नवरा परगावी नोकरीला. घरात आठ वर्षांची मुलगी आणि दम्याचे सासरे, निवृत्त विज्ञान शिक्षक. वरच्या न्हाणीघराचा पाइप फुटला आणि सासऱ्यांच्या पलंगामागची भिंत काळी पडली. डॉक्टर म्हणाले, भिंत तरी कोरडी करा नाहीतर म्हाताऱ्यांना तरी हलवा. पण दीड खोलीच्या घरात हलवून हलवून हलवणार कुठे?

बाईंनी अर्ज लिहिला : 'भिंतीला बुरशी आली आहे, पाइप दुरुस्त करून द्यावा.' बुरशीच्या अर्जावर आमच्याकडे सात दिवसांत प्लंबर जातो. म्हणजे काम जवळजवळ झालंच होतं. इतक्यात सासऱ्यांनी तो अर्ज तपासायला मागितला. चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात तो, स्वस्थ कसा बसणार?

"अर्धवट लिहिलंयस, सूनबाई. बुरशी म्हणजे काही वेगळं घराणं नाही. ती कवकांचीच एक राहणी. तंतू पसरून वाढते ती बुरशी. भूछत्रही कवक, पाव फुगवणारं यीस्टही कवक. प्रत्येक बुरशी कवक असते, पण प्रत्येक कवक बुरशी नसतं."

"बाबा, त्यांना पाइप जोडायचाय, परीक्षेला नाही बसायचं."

"अर्ज शास्त्रशुद्ध हवा," म्हणून बाबा बराच वेळ खोकले आणि लाल शाईनं त्यांनी 'बुरशी' खोडून लिहिलं : 'कवकसृष्टीतील तंतुमय सजीवाची वाढ'.

'सजीव' हा शब्द दिसताच आम्ही प्लंबरला जिन्यातून परत बोलावलं. सजीव हा देखभालीचा विषय नाही. अर्ज उद्यान विभागाकडे गेला. त्यांनी अकरा आठवडे अभ्यास करून कळवलं, की कवके ही वनस्पती नव्हेत, कारण ती स्वतःचे अन्न स्वतः तयार करत नाहीत. (हा निकष विभागातील कर्मचाऱ्यांना लावू नये, अशी तळटीप होती.) बाबांना हे उत्तर इतकं आवडलं, की त्यांनी उलटटपाली कळवलं : कवकं नात्यानं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. झालं! अर्ज भटके प्राणी नियंत्रण पथकाकडे गेला. पथक जाळी आणि पिंजरा घेऊन आलं, भिंतीसमोर तासभर दबा धरून बसलं आणि शेरा मारून गेलं : 'पळत नाही, चावत नाही, मालक आढळला नाही.'

दरम्यान दाराच्या कुजलेल्या चौकटीतून दोन भूछत्रं उगवली. साहजिकच उपाहारगृह समितीनं हक्क सांगितला. शेवटी संयुक्त समिती नेमली. सदस्य-सचिव मीच. एकूण बैठका नऊ, पत्रं एक्केचाळीस. काळा डाग सुरुवातीला ताटाएवढा होता, तो पलंगाएवढा झाला. विभागाच्या दुसऱ्या कोणत्याही कामानं इतकी सातत्यपूर्ण प्रगती दाखवलेली नाही.

सहाव्या बैठकीला बाई आत आल्या. "साहेब, बाबांना आता आडवंही पडवत नाही. पाइप कुठल्या सृष्टीत येतो, तेवढं सांगा. तिथे अर्ज करते."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याची नोंद करायला इतिवृत्तात रकाना नाही. 'प्रश्न विषयास धरून नाही' असं लिहून आम्ही यीस्टकडे वळलो.

अखेर निर्णय झाला : 'बुरशी ही कवकच होय. सबब मूळ अर्जातील "बुरशी" हा शब्द योग्य होता. देखभाल विभागाने सात दिवसांत वाढ खरवडून भिंत रंगवावी.' आदेशाची प्रत मी स्वतः रुग्णालयात नेऊन दिली. बाबांनी नळी लावलेल्या नाकावर चष्मा चढवला, दोनदा वाचलं आणि उशीखालच्या लाल पेनानं समासात लिहिलं : 'उत्तर बरोबर. उशिरा दिल्याबद्दल अर्धा गुण वजा.'

ती प्रत आम्ही काचेच्या चौकटीत लावली आहे. बाबा चौथ्या दिवशी गेले. सहाव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधीच, रंगारी पोचला. पलंग रिकामा असल्यानं सरकवायला सोपा गेला. भिंत पांढरीशुभ्र झाली. त्या पलंगावर आता बाईंची मुलगी झोपते. थोडी खोकते, पण लहान आहे.

असो. बुरशीचं आणि कवकांचं नातं आता तुम्हाला नीट समजलं असेल. भूछत्रं खाण्याजोगी होती का, हेही तुमच्या मनात येऊन गेलं असेल. पाइप दुरुस्त झाला का, हे मात्र तुम्ही अजून विचारलेलं नाही. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.