कमी-थ्री पाष्टेकाका

पाष्टेकाका लग्नाला आले तरी स्टेजवर जात नाहीत. आहेराचं पाकीट माझ्या हातात कोंबतात, "तुम्ही द्या, सावंत, मी आलोच," म्हणतात आणि हॉलच्या मागे, केटररची पातेली चढलेली असतात तिकडे नाहीसे होतात. थोड्या वेळात तिकडून आवाज येतो.

"ये क्या काटा है? काकडी है ये? अरे, काकडी का अपमान है!"

अपमान हा काकांचा आवडता शब्द. माणसाचा झाला तर ते एक वेळ सोडून देतील, पण भाजीचा झालेला त्यांना खपत नाही. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एका भाजीवाल्याने टोमॅटोंवर बटाटे ओतले, तेव्हा काकांनी त्याला एवढं झापलं की बिचारा आपल्या गोणपाटावरून उठला आणि म्हणाला, "चाचा, आप ही बैठो!"

काका आमच्या मजल्यावर, समोरच्याच दारात राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे. विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या किचनमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. मूलबाळ नाही. कुसुमकाकू गेल्यापासून एकटेच असतात. सोसायटीत नवीन कोणी आलं आणि कौतुकाने विचारलं, "काका, तुम्ही शेफ होतात ना?" की काका भडकतात.

"शेफ? कोण बोललं तुम्हाला? मी कॉमी होतो, शेफच्या हाताखालचा. हॉटेलात चिकटलात की पहिलं कॉमी थ्री, मग कॉमी टू, मग कॉमी वन. फ्रेंच शब्द आहे म्हणे. कसला फ्रेंच? मराठी आहे! कमी! पगार कमी, झोप कमी, मान कमी. मी कमी थ्रीला लागलो आणि कमी वनला रिटायर झालो. एवढीच माझी प्रगती!"

माझी मुलगी प्राजक्ता बारावी झाली आणि तिने हॉटेल मॅनेजमेंटचं काढलं. त्याच सुमाराला स्टेशनजवळ एका मोबाइलच्या दुकानावर असलीच एक इन्स्टिट्यूट निघाली होती. बोर्डवर पांढरी टोपी घातलेली हसरी मुलगी आणि खाली लिहिलेलं, 'थेट मॅनेजर बना!' काका आणि मी रिक्षातून चाललो होतो. काकांनी बोर्ड वाचला, रिक्षा थांबवली आणि मला दंडाला धरून जिना चढवला.

आत एक टायवाला तरुण बसला होता. समोर दोन-तीन पालक.

"अंकल, हमारे स्टुडंट सीधे मॅनेजमेंट में जाते हैं," तो म्हणाला.

"सीधे? पहले दिन लडकी क्या करेगी?"

"ट्रेनिंग, अंकल."

"काहे का ट्रेनिंग?"

"एव्हरीथिंग."

"एव्हरीथिंग म्हणजे कांदा!" काकांनी टेबलावर हात आपटला. "बोल कांदा! मुंह से बोल! अभी नहीं बोलेगा, तो वो उधर जाके रोएगी. तब तू आएगा क्या आंसू पोछने?"

टायवाल्याने घाईघाईने पाणी मागवलं. समोरच्या पालकांपैकी एक बाई हळूच पर्स उचलून बाहेर पडल्या. जिना उतरताना मला वाटलं, काका आता सांगणार, पोरीला या लाइनला घालू नका. पण ते खेकसले, "पाठवा तिला! चांगल्या कॉलेजात घाला आणि पाठवा. पण थेट मॅनेजर होशील असं सांगून पाठवू नका. हा पोरीचा अपमान आहे."

प्राजक्ता सरकारी कॉलेजात शिकली आणि लागली ती नेमकी काकांच्याच हॉटेलात. कॉमी थ्री. किचनमध्येच. पहिल्याच आठवड्यात एकदा घरी आली आणि चपला न काढता सोफ्यावर बसून रडायला लागली. तिने चिरलेली गाजरं सिनियरने सगळ्यांसमोर कचऱ्यात ओतली होती. तिचा आवाज ऐकून काका बनियनवरच आले.

"ओतली? सगळी? गाजरांचा काय गुन्हा? आणि तुला काय बोलला?"

"काही नाही. नुसतं म्हणाला, परत कर."

"मग देवमाणूस आहे. आम्हाला आईवरून बोलायचे." मग तिच्यावरच डाफरले, "रडतेस कशाला? सोड नोकरी!"

"नाही सोडणार."

"मग जेव!"

आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत काका दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

ती कॉमी टू झाली, त्या वर्षी हॉटेलने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. प्रत्येकी दोघांना, वरच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्ये. माझी बायको म्हणाली, "मी पुन्हा कधी जाईन. काकांना न्या."

काका सफारी घालून आले आणि फाटकापासून सुरू झाले. वॉचमनने सलाम केला, तर म्हणाले, "मला ओळखतोस का? मग सलाम कशाला?" लिफ्टमध्ये अत्तराचा वास फार होता. गालिचा फार मऊ होता. हॉलमध्ये शिरल्यावर मात्र ते मधोमध थांबले आणि मान वर करून बघायला लागले.

"झुंबर कुठाय?"

"सर?" वेटर अदबीने वाकला.

"झुंबर! इथे मोठं झुंबर होतं. कोणी काढलं?"

"नाही सर. इथे झुंबर कधीच नव्हतं."

"कधीच नव्हतं म्हणजे? मॅनेजरला बोलवा!"

मॅनेजर आले. वयस्कर, सभ्य गृहस्थ. हॉटेल उभं राहिल्यापासून ते इथेच होते. त्यांनीही शांतपणे तेच सांगितलं. काका खुर्चीवर बसले.

"काका, दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये बघितलं असेल तुम्ही," मी म्हटलं.

"मी कुठला हॉल बघणार? आमचं किचन तळघरात. वर पाय ठेवायला बंदी. या खोलीत मी आज पहिल्यांदा आलोय."

"मग झुंबर?"

काकांनी नॅपकिनची घडी उलगडली.

"कुसुम विचारायची, तुमचं हॉटेल आतून कसं दिसतं हो? तिला काय सांगू? ट्यूबलाइट आणि कांद्याची पोती? मी झुंबर सांगितलं. तिला फार आवडलं. मग मी त्यात लोलक वाढवत गेलो. आजारात तर रोज विचारायची, आज झुंबर पुसलं का हो? मी म्हणायचो, पुसलं. इतकी वर्षं सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं."

सूप आलं. काकांनी चमचा उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा एकदा वर पाहिलं. आता आवाज चढलेला नव्हता.

"असायला पाहिजे होतं, सावंत," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या खोलीत असायला पाहिजे होतं."