वडिलांना मिळालेले गुण

एखादं मूल निवासी उपचार केंद्रात दाखल झालं की पालकांचा सहभाग मोजावा लागतो. न मोजलेला सहभाग म्हणजे नुसती ये-जा. माझे बाबा आयुष्यभर नुसती ये-जाच करत राहिले. गेले त्याच्या आदल्या दिवशीही, रविवारी, ते माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून ड्रॉवरची मूठ घट्ट करत होते.

“दर आठवड्याला कशी गं ढिली होते ही?”

“लाकूड जुनं झालंय, बाबा.”

“लाकडाला काय धाड भरलीय? चहा टाक.”

तेराव्या वर्षी मी जेवणं आणि बोलणं दोन्ही बंद केलं, तेव्हा पाच महिने केंद्रात होते. शनिवारी एक तास भेट. पालकांसाठी गुणांचा तक्ता होता: ‘मला वाटतं’ने सुरू होणाऱ्या वाक्याला एक गुण, अश्रूंना दोन (दोन्ही डोळ्यांचे मिळून). आई फाटकातूनच रडत यायची, त्यामुळे ती पहिल्याच शनिवारी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली.

बाबा सुतार. समुपदेशक बाईंनी विचारलं, “मुलीकडे बघून काय वाटतं?”

“दाराची बिजागरी गेलीय.”

“आत, मनात काय येतं?”

“तेल आणायला हवं.”

शेरा पडला: ‘सहभाग नगण्य. दार उत्तम.’

(स्क्रूड्रायव्हर आत नेण्यास सक्त मनाई होती. परंतु पहारेकऱ्याची खुर्ची डुगडुगायची थांबली आणि मनाई डुगडुगू लागली.)

हाती घेतलेलं काम संपेपर्यंत बाबांना थांबू देत. तासाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. मग केंद्राला एक शास्त्रीय कोडं पडलं: दुरुस्ती वाढेल तशी मोडतोडही वाढत होती. शनिवारी घट्ट केलेलं टेबल शुक्रवारपर्यंत लटपटू लागे. चौकशी समिती नेमली गेली. समिती बसली तो बाकही कोसळला. अहवालाचा निष्कर्ष: ‘दमट हवा.’ परिशिष्टात एक ओळ होती: ‘जेवणघरातील एक चमचा गहाळ.’

मी बरी होऊन घरी आले. श्रेय तक्त्याला देण्यात आलं.

काल बाबांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, दांडा वाकलेला तो चमचा होता. बाबा एकतीस वर्षं गप्प बसले होते. मीही.

आज रविवार. मूठ अजून घट्टच आहे. मी ड्रॉवरसमोर खाली बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “बाबा, स्क्रू मीच ढिले करायचे. तिथेही, इथेही. तुम्ही अजून थोडं थांबावं म्हणून.”

वाक्य ‘मला वाटतं’ने सुरू होत नाही, गुण शून्य. वाचताना आपले डोळे पाणावले असतील तर आपण दोन गुण घ्यावेत. आपल्या आई-वडिलांकडे शेवटचं कधी गेला होतात, हा प्रश्न तक्त्यात नाही. निश्चिंत असावं.