उत्तर घाटाचा चौथा प्रश्न

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता की नव्हता ते मला नक्की सांगता येणार नाही. पण परीक्षा होती.

वडावरच्या शाळेत मास्तरीण व्हायचं, तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. जागा एकच होती. रेवती साळुंकीला ती हवी होती. तिचं लग्न नुकतंच झालं होतं आणि सासरच्यांनी तिला एकदाच परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. नाही जमलं तर घरट्यातलं बघायचं, असं ठरलं होतं. ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

जंगलात घुबडसरांचा क्लास फार चालायचा. सर सांगायचे, उतारे वाचण्यात वेळ घालवू नका. विशेषणं शोधा, त्यांच्याखाली रेघा ओढा आणि लिहा, की पहिला लेखक आशावादी आहे, याउलट दुसरा निराशावादी आहे. बारापैकी बारा.

रेवती काही क्लासला गेली नव्हती. सगळ्यांची न्याहारी उरकेपर्यंत क्लास सुटलेला असायचा.

परीक्षेत चौथा प्रश्न आला, ‘दोन्ही लेखकांच्या दृष्टिकोनांतील फरक स्पष्ट करा.’

पहिला उतारा कुणा निसर्गप्रेमीचा होता. उत्तर घाटावरचं पाणी किती गार, किती गोड, सावली किती दाट. सर्वांनी सहकुटुंब यावं आणि सावकाश पाणी प्यावं.

दुसरा उतारा कुणा त्रस्त नागरिकाचा होता. दक्षिण घाटावर चिखल फार, गर्दी फार, म्हशी तर फारच. त्यापेक्षा सहकुटुंब उत्तर घाटावर का जाऊ नये?

आजूबाजूला भराभर रेघा ओढल्या जात होत्या. रेवतीनं मात्र दोन्ही उतारे वाचले. मग पुन्हा वाचले.

तिला घरची आठवण झाली. थोरली जाऊ म्हणायची, रेवतीनं आणलेल्या अळ्यांना काय चव असते. सासूबाई म्हणायच्या, थोरलीच्या अळ्या मेल्या बेचव. एकीचं कौतुक, दुसरीची तक्रार, आणि अळ्या आणायला दोन्हीकडून रेवतीच.

तिनं उत्तर लिहिलं, ‘दोन्ही लेखकांच्या दृष्टिकोनांत फरक नाही. उत्तर घाटावर मगर राहते. दोघांचाही दृष्टिकोन जेवणाचा आहे. बहुधा दोघे एकच आहेत.’

निकाल लागला. सुधांशू नावाचं हरिण पहिलं आलं, चौथ्या प्रश्नात बारापैकी बारा घेऊन. रेवती दुसरी आली. चौथ्या प्रश्नात तिला शून्य होतं.

पेपर बगळेसरांनी तपासले होते. ती त्यांच्याकडे गेली. सर एका पायावर उभे राहून पुढचे गठ्ठे तपासत होते.

“सर, दोन्ही उताऱ्यांत म्हणणं एकच आहे.”

“असेल. आपण फरक विचारला होता.”

“पण फरक नाहीच.”

“मग गुण कशाचे देऊ, बाई?”

“निदान त्या घाटावर कोण राहतं, ते तरी बघा.”

“ते अभ्यासक्रमाबाहेर आहे,” बगळेसर म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.

घरी सासूबाईंनी निकाल ऐकला. ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, बरं झालं, आता उद्यापासून लवकर उठता येईल. नवरा बिचारा पिसं साफ करत बसला.

पुढे सुधांशूचा सत्कार ठरला. कुठे करायचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी उताऱ्यात एवढं सुंदर वर्णन आलंच आहे म्हणून उत्तर घाट ठरला. तिथल्या एका हितचिंतकानं जागा फुकट देऊ केली होती. नाव सांगितलं नव्हतं.

ते कळल्यावर रेवती सुधांशूला गाठायला गेली. तो शिंगांना तेल लावत होता. तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानंही नीट ऐकून घेतलं. स्वभावानं चांगला होता तो.

“वहिनी, चौथ्या प्रश्नात तुम्हाला किती?”

“शून्य.”

“मग राहू द्या ना,” तो मऊ आवाजात म्हणाला.

सत्कार छान झाला म्हणतात. भाषणं झाली. मग सत्कारमूर्तींना दोन घोट पाणी घेण्याची विनंती करण्यात आली. बाकीची मंडळी संध्याकाळपर्यंत घरी पोहोचली.

जागा रिकामी राहिली, आणि यादीत दुसरं नाव रेवतीचं होतं. बगळेसरांनी स्वतः पत्र आणून दिलं. वर सांगितलं, की यंदाच्या उताऱ्यांनी निकाल उत्तम लागला, तेव्हा पुढच्या वर्षीही तेच ठेवू.

रेवती आता वडावर शिकवते. पिल्लांना ती विशेषणं शोधायला लावते, रेघा ओढायला लावते, ‘याउलट’ कुठे लिहायचं तेही सांगते. पालक खूश आहेत. मग घंटा झाली की ती दार लावून घेते आणि दोन्ही उतारे सगळ्यांकडून एकदा मोठ्यानं वाचून घेते. त्याला गुण नसतात.

तात्पर्य: मुलांनो, परीक्षेत उतारा कधीही वाचू नये, गुण जातात. पहिला नंबर आल्यावर मात्र, सत्काराला निघण्यापूर्वी, एकदा वाचून घ्यावा.