लाल हत्तीच्या चार तारांची बखर

श्री. अग्नी ज्याच्या आज्ञेने लोखंडात वास करतो आणि वेळेस बाहेर येतो, त्यास नमस्कार करून लिहिण्यात येते ऐसे जे, शके १९०३ दुर्मतीनाम संवत्सरी, कार्तिक वद्य पंचमीस, नेमगोंडा मिस्त्री यांचे एक पत्र सेवकास पावले, आणि सेवकाने त्याचे उत्तर चार महिने दिले नाही. ते का राहिले हे सांगावयाचे तर राज्यातील वर्तमान आरंभापासून सांगणे प्राप्त. सेवक बखरकार नव्हे. गावच्या वाचनालयात तीस वर्षे पुस्तके दिली आणि परत घेतली, एवढीच चाकरी. तरी जे डोळ्यांनी पाहिले आणि स्वहस्ते बिघडविले ते लिहितो. अधिकउणे जाहले तर दोष सेवकाचा, आजवर बहुधा तसेच होत आले आहे.

अमुक एक राज्य होते, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पंचेचाळीस एकर मुलूख, दोन विहिरी, आणि गादीवर श्रीमंत आक्कासाहेब. यजमान निवर्तल्यावर त्यांनी बारा वर्षे राज्य राखले होते आणि त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. राज्यात एक लाल हत्ती होता, ज्यास लोक ट्रॅक्टर म्हणत. हत्ती जुना, विलायतेहून आलेला, डिझेलचा नव्हे. पेट्रोल पिऊन उठे आणि मग रॉकेलवर चाले. त्याच्या पोटात चार सरदार, म्हणजे चार सिलिंडर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक प्लग. बॅटरीतला करंट कॉइलमध्ये जाऊन बळावे आणि मग एका काळ्या डब्यात येई, आणि तेथे मधोमध एक काटा फिरे, तो झाकणावरील चार खुंट्यांस क्रमाने ठिणगी वाटीत जाई, आणि चार खुंट्यांपासून चार तारा चार सरदारांकडे गेल्या होत्या. ज्याची ठिणगी वेळेवर पोचली तो सरदार जोर करी, ज्याची अवेळी पोचली तो उलटी लाथ मारी. असा त्या दरबाराचा कायदा.

त्या साली भाद्रपदात उंदरांनी चारही तारा कुरतडल्या, आणि झाकणासही तडा गेलेला आढळला, मग नेमगोंडा मिस्त्री यांनी नवे झाकण आणि नव्या तारा आणविल्या. मिस्त्री शेजारच्या गावचे. आसपासच्या पाच गावांची इंजिने त्यांच्या हाताखालून गेलेली, यंत्राशी पुष्कळ बोलत आणि माणसांशी थोडे. जुन्या तारा कोठून कोठे गेल्या होत्या हे उंदरांनी शिल्लक ठेविले नव्हते, आणि हत्तीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत, म्हणून आक्कासाहेबांनी सेवकास हुजूर बोलावून फर्माविले, "अण्णा, पुस्तकात काय लिवलंय ते मराठीत लिवून द्या. नेमू तसंच करंल." सेवकाने कोश उघडला आणि चार दिवस खपून एक कागद तयार केला. पुस्तकात तारांचा क्रम होता एक, दोन, चार, तीन. तो बरोबर उतरला. पुढे लिहिले होते की हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने धरावा, आणि तेथे लेखणी अडली. दसऱ्यास हत्तीची पूजा व्हावयाची, त्याच दिवशी नव्या तारा लागावयाच्या, आणि आपल्याकडे देवळात असो की तुळशीपाशी असो, शुभकार्यात उलटी फेरी कोणी घालीत नाही. प्रथम वाटले, छापणाऱ्याची चूक असेल. आणि मग वाटले, चूक नसली तरी सणाच्या दिवसाकरिता उलटी फेरी आपल्या हाताने कशी लिहावी. आणि मग लिहिले, 'प्रदक्षिणेच्या क्रमाने'. अक्षर मात्र चांगले काढले.

दसऱ्याच्या दिवशी हत्तीस स्नान जाहले, गळ्यात झेंडूची माळ चढली, आणि मिस्त्रींनी कागद वाचला. मग डब्याचे झाकण उघडून हँडल मारविले आणि काट्याकडे पाहिले, पुन्हा मारविले आणि पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "अण्णा, ह्यो काटा तर उलटा फिरतोय. तारा सुलट्या लावून कसं जमायचं?" सेवक आपले अक्षर पाहत राहिला. तेव्हा आक्कासाहेब बोलिल्या, "नेमू, तू तुझं डोकं चालवू नगंस. अण्णांनी इंग्रजी वाचलंय." मिस्त्री म्हणाले, "वाचलंय की. पर काट्यानं न्हाई वाचलं." लोक हसले. सेवकही हसला, ती दुसरी चूक. मग तारा कागदाबरहुकूम लागल्या, आणि कागद खळीने बॉनेटच्या आतल्या अंगास चिकटविला, आणि त्यास हळदकुंकू वाहिले, आणि हत्तीस उठविले. तो पहिला आणि चौथा सरदार वेळेवर हजर, परंतु दुसऱ्याची ठिणगी तिसऱ्यास आणि तिसऱ्याची दुसऱ्यास, म्हणोन हत्ती थरथरला, दोनदा भुंकला, आणि नाकातून जाळ फेकून माळ जाळली. दसऱ्याची माळ सर्वांसमक्ष जळणे म्हणजे काय, ते वाचणारास सांगणे नको. मिस्त्री म्हणाले, "दोन तारा बदलून बघू द्या, आक्कासाहेब, घटकाभर." हुकूम जाहला, "आता हात लावायचा न्हाई." आणि दुसरे दिवशी चावडीत बाई उघड बोलिल्या की नेमूने हत्ती मारला, आणि तो शब्द पाच गावी गेला, आणि पाच गावांनी आपापली इंजिने दुसरीकडे नेली.

त्यानंतर ते पत्र आले. मिस्त्रींचा मजकूर तीन ओळींचा: "अण्णांस नमस्कार. पुस्तकात काट्याची दिशा खरोखर कशी दिली आहे तेवढे कळवावे. माझ्याकडे आता कोणी येत नाही." सेवकाने त्याच दिवशी पुस्तक उघडले. उलट दिशेचा तो शब्द दोन ठिकाणी छापलेला, आणि खाली चित्र, आणि चित्रात काट्याशेजारी बाण. छापणाऱ्याची चूक म्हणावी तर ती तीनदा कशी होईल. म्हणजे उत्तर पहिल्याच दिवशी ठाऊक होते, आणि म्हणोनच ते लिहवेना. सात वेळा लिहावयास बसलो. एकदा आरंभ फार लांबला, एकदा कारणे इतकी जाहली की अपराध त्यांच्या खाली सापडेना, एकदा अकरा पाने होऊन वर प्रस्तावना जोडावी असे वाटू लागले. सातही कागद कोशात घालून ठेविले.

मग फाल्गुन वद्य षष्ठीस तालुक्याहून गजाबा मेकॅनिक यांची स्वारी राज्यात दाखल जाहली. गजाबा मोठ्या आवाजाचे, परंतु कामात शिस्तीचे. त्यांनी प्रथम बॅटरी पाहिली, ती भरलेली. मग प्लग काढून लोखंडावर टेकविला आणि हँडल मारविले, तो ठिणगी निळी आणि कडक उडाली, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर खरे. मग काट्याखालचे करंट तोडणारे पॉइंट पॉलिश कागदाने घासले आणि मधला गाळा किती ठेवावा हे विचारले, त्याकरिता पुस्तक आणि सेवक दोघांस बोलावणे आले. सेवकाने आकडा वाचून दाखविला, आणि शेजारच्या पानावर बाण होता तो अंगठ्याने झाकून ठेविला. गाळा बसविला, पेट्रोल पाहिले, तेही स्वच्छ. हत्तीस उठविले, तो पूर्ववत दोनदा भुंकला आणि बसला. गजाबांनी एकेक तार बोटाने धरून बॉनेटच्या कागदाशी ताडून पाहिली आणि हात पुसत म्हणाले, "समदं बराबर हाय. तारा बी कागदापरमाणं. नेमूनंच आत कायतरी फिरवून ठिवलंय बघा. त्याचा पान्यांचा डबा मी घेतोय परवाच्या बाजारी. गडी आता भावाच्या गिरणीत दळण घालणार म्हनं."

सेवकाने विचारले, "सगळा डबा?" गजाबा म्हणाले, "समदा. हातोडीसकट."

सेवकाने सत्तर वर्षांत चारचौघांत कधी तोंड उघडले नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेतही कागदच पुढे केला. परंतु तो डबा ठाऊक होता, मिस्त्री पाना वापरला की पुसून त्याच्याच खाचेत ठेवीत. तेव्हा अंगठा काढला आणि बोलिलो, "आक्कासाहेब, क्रम बरोबर आहे, दिशा चुकीची आहे. पुस्तकात उलटी आहे. सुलटी मी लिहिली."

बाई म्हणाल्या, "पुस्तकात उलटी, मग तुमी सुलटी का लिवली?"

"दसरा होता. उलटी फेरी लिहवेना."

गजाबा हसले आणि म्हणाले, "अण्णा, काट्याला कुठला आलाय दसरा." बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "हे तुमास्नी कवा कळलं?"

"कार्तिकात. नेमू मिस्त्रींचे पत्र आले तेव्हा."

"आन् तवापासून काय करत हुता?"

"उत्तर लिहीत होतो."

"चार महिनं?"

"होय."

बाईंनी गजाबांकडे पाहून मान हलविली, आणि गजाबांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सरदाराच्या तारा झाकणावरून उपटून एकमेकींच्या खुंटीवर बसविल्या. हँडल एकदाच मारावे लागले. हत्ती उठला आणि असा एकसारखा चालू लागला की गोठ्यातील म्हशींनी वळून पाहिले आणि पुन्हा वैरणीस तोंड लाविले. गजाबा थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजी डबा गेला म्हणायचा आमचा." आक्कासाहेबांनी बॉनेटवरील कागद हळदकुंकवासकट खरवडून काढविला आणि सेवकास म्हणाल्या, "मी चावडीत बोलले, ते चावडीतच माघारी घीन. तुमचं तुमी बघा."

तेथून सेवक नीट टपाल कचेरीत गेला. मास्तरांनी पाकीट पुढे केले. सेवक म्हणाला, पाकीट नको, कार्ड द्या. कारण कार्ड येथील मास्तर वाचणार, तेथील पोस्टमन वाचणार, आणि मिस्त्रींच्या आळीत ज्याच्या हाती पडेल तो मोठ्याने वाचणार, आणि दोष लागला तो उघड्यावर लागला, तर तो बंद पाकिटातून कसा उतरावा. कचेरीच्या फळीवरच उभ्याने लिहिले: "रा. रा. नेमगोंडा मिस्त्री यांस नमस्कार. पुस्तकात दिशा उलटी आहे. मी सुलटी लिहिली. तुम्ही म्हणत होता तेच खरे. दोन आणि तीनची तार बदलली, ट्रॅक्टर चालू आहे. पान्यांचा डबा विकू नये." मास्तरांनी शिक्का मारण्यापूर्वी वाचले, चष्म्यावरून सेवकाकडे पाहिले, आणि शिक्का मारला.

येणेप्रमाणे राज्याचे वर्तमान. बॅटरी खरी, कॉइल खरी, पॉइंट खरे, चारही सरदार खरे, काटा खरा आणि मिस्त्री खरे. खोटा एक शब्द, तो सेवकाचा. कार्ड दुपारच्या थैलीत रवाना जाहले.